उचलू नकोस

आजीने नातवाचा खुळखुळा त्याच्या डोळ्यांदेखत उशीखाली सरकवला. आजी-आजोबा दोघंही बालमानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि नातू सहा महिन्यांचा. त्याने उशीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"बघितलंत? नजरेआड झाली की त्याच्या लेखी वस्तू संपली. शुद्ध पियाजे!" आजी म्हणाली.

"संपली, तर मग रडतोय कशाला? त्याचा तुझ्यावरचा विश्वास उडाला. एरिक्सन काय उगाच सांगून गेला?" आजोबा म्हणाले.

"घाला तुमचा एरिक्सन चुलीत!"

पोर रडून रडून लालबुंद झालं, पण या दोघांची चांगलीच जुंपली होती. शेवटी लेक स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली.

"अगं, उचलू नकोस!" आजी ओरडली. "आपणहून कधी गप्प होतो ते बघू दे. तूसुद्धा अशीच रडायचीस. मी एका बाजूने निरीक्षण करायचे, हे दुसऱ्या बाजूने. तुझ्या रडण्यावर आमचे केवढे लेख छापून आलेत!"

"आणि मग मला उचललं कोणी?"

आजोबा चष्मा पुसू लागले. आजी उशी नीट करू लागली.

लेकीने पोराला खांद्यावर घेतलं. दोन हुंदके देऊन ते शांत झालं. ते बघून आजीला राहवेना. हात पसरून ती पुढे आली.

"दे ना गं, जरा घेऊ दे की मलाही."

लेक मागे सरली.

"नको आई. तू लांबूनच बघ. तुला सवय आहे."