उचलताना, ओतताना, ठेवताना

फळीवरून उचललेली बरणी अर्ध्यातच थांबली. लेकीने बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी पुन्हा वाचली. 'मोठ्यांची.' जागा मात्र लहानांच्या बरणीची होती.

तिच्या अंगावर काटा आला. पाठोपाठ रागही.

औषधांच्या दुकानामागची ती खोली जेमतेम दहा पावलांची. भिंतीवर तपकिरी काचेच्या नव्वद बरण्या, जवळपास सगळ्यांत पांढरी भुकटी, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. डॉक्टरने लिहिलेली मात्रा तयार गोळीत मिळाली नाही की लोक इथे येत. फिटच्या औषधाच्या दोन बरण्या होत्या. लहानांची सौम्य, मोठ्यांची तिच्या पाचपट. दिसायला जुळ्या बहिणी.

बाहेर बाकावर एक बाई थांबली होती. तिच्या दीड वर्षांच्या मुलाच्या आठवड्याच्या पुड्या न्यायला ती दर शनिवारी येई. आज दारातूनच म्हणाली होती, "ताई, हातगुण चांगला हो तुमचा! आठवडाभरात एकदाही फिट नाही. नुसता झोपतो लबाड."

चिठ्ठी तीनदा वाचायची, हा बाबांचा धडा. उचलताना, ओतताना, ठेवताना. दोन वर्षं त्यांनी तिच्याकडून तो मीठ-साखरेच्या बरण्यांवर घोटून घेतला होता. "डोक्यावर विसंबू नकोस," ते म्हणत. "डोकं थकतं. हाताला सवय लाव."

सवय लागली. मग ती गंजू नये म्हणून बाबांनी खेळ काढला. ती जेवायला गेली की ते दोन बरण्यांची अदलाबदल करून ठेवत. "बाबा, पकडलं!" ती आतून ओरडे, आणि ते पत्त्यांत हरल्यासारखं तोंड करत. एकच नियम होता. बदलायच्या त्या फक्त निरुपद्रवी बरण्या, इतर नाहीत. "विषाची परीक्षा घेऊ नये," ते म्हणत.

आठ महिन्यांपूर्वी बाबा जिन्यावरून पडले. उजवा खांदा कायमचा निकामी झाला. तेव्हापासून ते दुकानात खुर्चीवर बसून असत. तरी बरण्या बदलतच राहिल्या. उलट वाढल्याच. जित्याची खोड, ती मनाशी हसे. एका हाताने, स्टुलावर चढून करत असतील बिचारे. त्यांना एवढाच विरंगुळा उरला होता. 'पकडलं' म्हणून ओरडून तो कशाला मोडायचा? ती बरणी गुपचूप जागेवर ठेवून देई. आठ महिन्यांत अशा अकरा पकडल्या होत्या. सकाळी बाबांचा चेहरा पाहूनच तिला कळायचं. ते गप्प गप्प असले की समजायचं, आज काहीतरी आहे. त्या दिवशी ती डोळ्यांत तेल घालून वाचायची.

आजही ते गप्प होते.

बरणी घेऊन ती बाहेर आली आणि बाकावरच्या बाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाबा, थट्टेलाही काही सीमा असते. ही बरणी?"

बाबांनी चिठ्ठी वाचली. मग तिच्याकडे पाहिलं.

"मी नाही."

"मग काय, चालत गेली?"

"अगं, सदऱ्याची बटणं लावायला मला तुझी आई लागते. पडल्यापासून मी एकाही बरणीला हात लावलेला नाही."

"मग खेळ बंद केलाय, हे सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू वाचणं सोडलं असतंस."

बाबा पुढे झुकले. "ठेवताना वाचतेस ना?"

हो म्हणायला तिने तोंड उघडलं. उचलताना वाचलेल्या चिठ्ठ्या तिला आठवत होत्या. ओततानाच्या काही आठवत होत्या. ठेवतानाची एकही आठवेना. हात बरणी फळीवर सरकवत असे, पण डोळे तोवर डॉक्टरच्या पुढच्या कागदावर गेलेले असत. अकरा बरण्या. पकडणारी ती, आणि चुकीच्या जागी ठेवणारीही तीच.

आणि ज्या दिवशी बाबांचा चेहरा समोर नसे, त्या दिवशी?

गेल्या शनिवारी ते दुकानात नव्हतेच. आई त्यांना खांदा दाखवायला घेऊन गेली होती. कोणी खोडी काढणार नव्हतं. तिला मोकळं मोकळं वाटलं होतं. काम झरझर उरकलं होतं. त्या मुलाच्या एकवीस पुड्या बांधताना ती चक्क गुणगुणत होती. बरणी कुठली होती? तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. वरून तिसरी फळी, डावीकडून दुसरी. जागा आठवली. नुसती जागाच आठवली.

हातातली बरणी तिने काउंटरवर ठेवली. ठेवताना काचेवर काच वाजली.

"बाळ कुठंय?" तिने विचारलं.

बाकावरची बाई हसली. मूल मांडीवरच असल्यासारखा आवाज लहान करून म्हणाली, "घरी, सासूबाईंजवळ. कालपासून उठलाच नाही बघा. म्हटलं, झोपू दे."