दारावरची फुली

वायरमनची बायको मेन स्विचला पाठ लावून उभी राहिली आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरात भांडण पेटलं. दिवे मात्र पेटेनात.

भांडणाचं मूळ दारावर होतं. निवृत्त वायरमननं जुने बल्ब जमवून, रोज संध्याकाळी खपून, एक भलीमोठी पाटी केली होती. इंग्रजीत अख्खा ‘ख्रिसमस’ लिहायला बल्ब पुरेनात, म्हणून त्यानं सुरुवातीचं ख्रिस्ताचं नाव गाळून तिथे ‘एक्स’ अक्षराची एक फुली बसवली. पुढे ‘मस’ तेवढं ठेवलं. मनुष्य स्वतःवर बेहद्द खूश होता.

“देवाच्या नावावर फुली? माझ्या दारात?” बायको म्हणाली. “मी मेले तरी हे लागू देणार नाही.”

“अगं, सगळं जग असंच लिहितं!”

“जग विहिरीत उडी मारेल. तुम्हीही मारा.”

नवऱ्याची कानउघाडणी व्हावी म्हणून तिनंच फादरांना बोलावून घेतलं होतं. फादर आले, चहा घेतला, पाटी पाहिली आणि बाईंच्या दुर्दैवानं खरं बोलले.

“ही फुली नाही, बाई. ग्रीक भाषेत ख्रिस्ताच्या नावाचं पहिलं अक्षर असंच काढतात. पूर्वी धर्मग्रंथ हातानं उतरवून काढायचे, तेव्हा प्रभूचं नाव आलं की लेखनिक त्याच्या जागी हे अक्षर लिहायचे. फार जुनी रीत आहे.”

वायरमननं मिशीवरून हात फिरवला. जिंकलेल्या माणसानं गप्प बसावं, एवढी अक्कल त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही आली नव्हती.

“ऐकलंस?”

“ऐकलं. म्हणजे तेही आळशीच! पूर्ण नाव लिहायला काय हात झडले होते? ज्याच्यावर माया, त्याचं नाव कुणी असं गिळतं का?”

फादर बशीकडे पाहू लागले. वायरमन खुर्चीतून उठला.

“आणि तू गं? लग्न झाल्यापासून माझं नाव एकदा तरी घेतलंस? ‘अहो’, नाहीतर ‘आमचे हे’. मी म्हटलं कधी आळशी?”

“इश्श! ते वेगळं,” ती फाडकन बोलून गेली. “तो मान असतो.”

बोलली आणि तिनं जीभ चावली. फादरांना अचानक मोठा खोकला आला.

तिला राग आला होता, आणि रागावायला कुणी सापडत नव्हतं. मग ती मेन स्विचपासून बाजूला झाली.

“हसायचं काम नाही,” तिनं दोघांनाही बजावलं आणि खटका स्वतःच दाबला.

तिघंही अंगणात गेले. दारावर फुली लखलखत होती. नुसतीच फुली. पुढची अक्षरं ढिम्म.

वायरमनचा चेहरा पडला. जन्मभर गावाला वीज पुरवली आणि स्वतःच्या दारात, तेही फादरांसमोर, ही शोभा! तो पक्कड आणायला घाईघाईनं वळला. बायकोनं त्याचा दंड धरला. तिनं पदर सारखा केला, त्या उजेडाला हात जोडले.

“राहू द्या आता,” ती म्हणाली. “नाव तेवढं उजळलंय ना, झालं तर!”