बॅगांची व्हॅन

किटलीची शिट्टी वाजली आणि सकाळची शांतता मोडली. "निघतेस ना, की याही वर्षी 'पुढच्या वर्षी'च?" सासूबाईंनी व्हॅनची किल्ली बोटावर फिरवत विचारलं.

स्कॉटलंडच्या डोंगरवाटेने फोर्ट विल्यमपर्यंतचे शहाण्णव मैल पायी चालून दाखवीन, असं मी लग्नाआधीपासून म्हणत होते. मग ऊना झाली, आणि चार वर्षं माझी चाल पाळण्यापासून ओट्यापर्यंतच राहिली. सासूबाई त्या वाटेवरच्या वाटसरूंच्या बॅगा व्हॅनने पुढच्या मुक्कामी पोचवतात. पैज लागली: ऊना त्यांच्याबरोबर व्हॅनमध्ये, मी पायी.

"तिसऱ्या दिवशी व्हॅनला हात दाखवशील, लिहून ठेव!"

लॉक लोमंड सरोवराच्या काठी पावसाने धुतलं, रॅनकच्या माळावर चिलटांनी फोडून काढलं, 'सैतानाचा जिना' म्हणतात त्या चढावर गुडघ्यांनी हात टेकले. वाट रस्त्याला लागली की व्हॅन हॉर्न वाजवत शेजारून जायची. ऊना काचेला नाक लावून जोरजोरात हात हलवायची. लेक हुरूप देतेय म्हणून मी आणखी ताठ चालायचे, आणि सासूबाईंना जीभ काढून दाखवायचे.

सातव्या दिवशी फोर्ट विल्यमला, वाट संपते तिथल्या पाय चोळत बसलेल्या वाटसरूच्या पुतळ्याभोवती मी फोड आलेल्या पायांनी चक्क नाचले. "जिंकलीस गं बये!" म्हणत सासूबाईंनी मला घट्ट मिठी मारली.

ऊना मात्र गाल फुगवून उभी होती.



"आई, मी रोज खिडकीची जागा तुझ्यासाठी धरून ठेवली होती. तू बसायला का नाही आलीस?"