रजईखालचा रेडिओ

“त्या करवतवाल्याचा हात झडो!” टिकली तोंडातला घास न गिळताच म्हणाली.

“हळू बोल,” आई कुजबुजली. “पलीकडे काकू आहेत.”

पलीकडच्या काकू इमारतीच्या कमिटीवर होत्या. कोणाकडे कोण आलं, कोण का हसलं, त्यांना सगळं कळायचं. म्हणून या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची.

टिकलीचा दादा सीमा ओलांडून तिकडे पळाला होता. शाळेत बाई घोकून घ्यायच्या, ‘तिकडे भांडवलशाही, म्हणजे शेटजींचं राज्य. इकडे साम्यवाद, म्हणजे सगळं सगळ्यांचं.’ फक्त तिकडचा रेडिओ कुणाचाच नाही. ऐकताना सापडलात की तुरुंग!

आणि दादा नेमका त्याच रेडिओवर बोलायचा, संध्याकाळच्या बातम्यांनंतर. आई रजईत डोकं खुपसून कान लावायची. निवेदिकेनं त्याचं नाव घेतलं रे घेतलं की खर्रर्र! तिकडचं इकडे कुणी ऐकू नये म्हणून सरकारच तो आवाज सोडायचं. अगदी लाकडावर करवत चालवल्यासारखा. दादाचा एक शब्द कधी कानी पडला नव्हता.

उद्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी काही खात्रीचं सांगितलं नव्हतं.

“एकदा त्याचा आवाज ऐकला ना, की मी हसत टेबलावर झोपेन,” ती म्हणाली.

समोर भाऊ मान खाली घालून जेवत होता. भाऊ म्हणजे मधला. पाणीखात्यात पंपावर नोकरी, कायम संध्याकाळची पाळी. पंपाच्या घरघरीनं कान किटतात म्हणून घरीही कानात कापूस.

“फेकून द्या तो रेडिओ,” तो म्हणाला. “सगळ्यांना खड्ड्यात घालाल.”

“भित्रा ससा! दादाचं नाव घ्यायलाही घाबरतोस.”

भाऊ ताट उचलून उठला. बूट घालताना मात्र त्यानं विचारलं, “आज बोलणार आहे तो?”

“हो रे,” आई म्हणाली. “कालच सांगितलं रेडिओवरच्या बाईनं. मोठं भाषण आहे म्हणे.”

“तुला कशाला हव्यात चौकशा?” टिकली फणकारली.

“सहज.”

जाता जाता त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. असलं काही तो कधी करत नसे. टिकलीला शंका आली. हा कुणाला सांगणार तर नाही ना?

संध्याकाळी दोघी रजईत शिरल्या. दादाचं नाव आलं. खर्रर्र झालं.

आणि थांबलं.

“मित्रहो,” दादा म्हणाला. इतका स्वच्छ, जणू बाजूच्या खोलीतून!

तो मोकळ्या बाजाराबद्दल बोलला, मतदानाबद्दल बोलला, पावाच्या रांगांबद्दल बोलला. आई ऐकत होती, गालांवरून पाणी वाहत होतं.

“सर्दी झालीय गं त्याला.”

“आई! तो लोकशाहीवर बोलतोय!”

“बोलू दे की. नाकात बोलतोय बघ.”

दादा रंगात आला होता, आणि दारावर धाडधाड थापा पडल्या.

टिकलीनं रेडिओवर रजई ढकलली. घाईत बटण सापडलंच नाही. दारात सरकारची दोन माणसं, एक साहेब आणि एक शिपाई, त्यांच्यामागे मान उंचावणाऱ्या काकू. रजईतून दादाचा बारीक आवाज येतच होता. टिकली खोकत सुटली. भाऊनंच सांगितलं! सख्ख्या भावानं!

पण साहेबानं रजईकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“मधला मुलगा कुठे झोपतो?”

आईनं कोपऱ्यातली खाट दाखवली. दुसऱ्यानं गादी उलटीपालटी केली, उशी फाडली.

“तो घरी नाहीये,” टिकली म्हणाली. “पंपावर आहे.”

“पंपावर?” साहेब हसला. “पंपावर नाही, आमच्याच एका खोलीत आहे. यंत्र बंद करून, आतून दार लावून बसलाय. ते फोडतायत. फोडलं की दुसरा माणूस बसवतील त्या खुर्चीत.”

रजईखाली दादा वाक्याच्या मध्यावर होता, तेवढ्यात करवत पुन्हा सुरू झाली.