एझ्रांचं मत

"अहो, वाचून दाखवू का?" मिल्काने विचारलं.

"काय वाचायचंय त्यात? नावं पाठ आहेत मला," एझ्रा म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसले.

यंदा एझ्रा पेणकरांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता, तिथे मतपत्रिका कुठली दिसणार! म्हणून टपालाने मत द्यायचं ठरलं आणि उमेदवाराच्या नावापुढचा गोल काळा करायचं काम बायकोकडे, मिल्काकडे, आलं. नाहीतर ठाण्याहून फिलाडेल्फियाला आल्यापासून दर निवडणुकीला ते केंद्रात एकटेच जायचे, मिल्काला बाहेर थांबवून.

घर एक, पक्ष दोन. एझ्रा रिपब्लिकन. मूळचे कोकणातले बेने इस्रायल ज्यू. इस्रायलच्या पाठीशी आपलाच पक्ष उभा राहतो, म्हणून सिनेगॉगमध्ये, जेवणाच्या टेबलावर, सापडेल तिथे भांडायचे. मिल्का डेमोक्रॅट. "आपल्या माणसांची काळजी मलाही आहे," ती म्हणायची, "पण आपली नात इथे वाढतेय." त्यावर ते आवाज चढवायचे. माणूस मात्र दिलदार. मागे त्यांचा पक्ष हरला, त्या दिवशीसुद्धा मासळीचं कालवण त्यांनी दोनदा मागून घेतलं होतं.

"कुणाला द्यायचं ते तोंडाने सांगा तरी."

"इतकी वर्षं घसा फोडतोय, अजून काय सांगू? भर तू. माझा विश्वास आहे."

मिल्काचं पेन अडलं. राज्यात अशी चुरस, की एकेका मतासाठी लोक दारं ठोठावत होते. पेन जरा खाली, तिच्या पक्षाच्या गोलाकडे, सरकवलं की झालं. त्यांना कधी कळलंही नसतं. नातीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि पेन सरकलंसुद्धा.

मग तिने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. केवढ्या भरवशाने बसला होता माणूस! तिला स्वतःचीच लाज वाटली. ओठ आवळून तिने रिपब्लिकन उमेदवाराचा गोल काळा केला, हात धरून पाकिटावर त्यांची सही घेतली आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत ते टाकून आली.

दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या त्या छोट्या डबीला, बोटं लावून ती आत शिरली, तेव्हा एझ्रा जर्सी सिटीतल्या राजारामशी, जुन्या ठाणेकर मित्राशी, फोनवर हसत होते. तिची चाहूल त्यांना लागली नाही.

"अरे राजा, दर वेळी आत जाऊन गुपचूप तिच्याच पक्षाला मत दिलं मी. बाई बरोबर बोलते, पण तोंडावर कबूल कसं करणार, यार? यंदा तर फक्त पाठ फिरवून बसलो. म्हटलं, आता ही माझं मत तिच्याच उमेदवाराला टाकल्याशिवाय राहायची नाही!"