पहिला ढीग

इलाहीनं रुमालाखाली हात घातला, अडत्या नाथाजीची बोटं दाबून भाव सांगितला आणि हात बाहेर काढला. त्याच्यानंतर कुणाचाच हात पुढं आला नाही.

बाकीचे खरेदीदार हळदीच्या ढिगाभोवती हात मागं बांधून उभे होते. रोज याच रुमालाखाली एकमेकांवर चढ करणारी, एका पोत्यासाठी एकमेकांचे आईबाप काढणारी माणसं. आज सगळ्यांच्या माना खाली होत्या.

ही या सौद्याची रीत होती. ज्याच्या घरचं माणूस गेलंय, तो परत सौद्याला आला की पहिला ढीग त्याचा. त्यानं सुरुवातीचा भाव सांगायचा आणि त्यावर कुणी बोली करायची नाही. जयराजशेठचा बाप गेला तेव्हा इलाहीही असाच मान खाली घालून उभा राहिला होता. बायकोला, जरिनाला, दफन केल्यापासून तो आज पहिल्यांदाच माधवनगरच्या घरातून बाहेर पडला होता. त्याला भरून आलं.

नाथाजीनं भाव पुकारला आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

ढिगामागं बसलेला शेतकरी ताडकन उठला. पाटणकडचा ज्ञानू.

“ह्यो भाव? एवढ्याला तर किडकी हळद जाती!” त्यानं एक हळकुंड उचललं आणि सगळ्यांच्या नाकासमोर मोडलं. कट्कन आवाज झाला. आतला रंग गर्द होता. “बघा की! डोळं फुटलं व्हय सगळ्यांचं?”

“गप बस गड्या,” जयराज म्हणाला. सौद्यातला सगळ्यात मोठा खरेदीदार तोच. “त्यांची मंडळी वारल्यात. मान राखलाय आमी.”

“मेली ह्यांची बायको, आन् भाव पडला माझा?”

कुणीतरी दातओठ खाल्ले. जयराजनं पुढं होऊन ज्ञानूची गचांडी धरली.

“तोंड सांभाळ. न्हाईतर परत ह्या पेठंत तुझं पोतं गाडीतनं खाली उतरणार न्हाई.”

ज्ञानूनं हात झिडकारला आणि ऑफिसच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाजार समितीच्या सचिवाला हाक मारली. सचिवाच्या मागं भिंतीवर नवा बोर्ड होता. खरेदीदारांनी आपसात ठरवून भाव पाडणे हा गुन्हा आहे, असं त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं. सचिव खाली आला.

“साहेब, ह्यांनी ठरवून भाव पाडलाय.”

“कधी ठरवलं? बैठक झाली का?”

“न्हाई.”

“मग फोनवर? मेसेज वगैरे?”

“न्हाई वो.”

“कुणी कुणाला काही बोललं?”

“कुणीच कायबी बोललं न्हाई, साहेब. त्येच तर सांगतोय मी!”

“मग संगनमत कसं म्हणायचं?” सचिवानं सगळ्यांकडं बघितलं. “ह्याला दुखवटा म्हणतात.”

खरेदीदार हसले. ज्यांनी मघाशी माना खाली घातल्या होत्या तेही हसले. जयराजला तर हसता हसता ठसका लागला.

इलाही हसला नाही. जमिनीवर पडलेला हळकुंडाचा तुकडा त्यानं उचलला. बोली करण्याआधी त्यानं स्वतः एक मोडून बघितलं होतं. माल कसला आहे, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

“नाथाजी, रुमाल टाका.”

“सौदा सुटला की, इलाहीभाई.”

“टाका म्हणतोय न्हवं.”

“तुमच्यावर कुणाची बोली न्हाई. मग वाढवताय कुणावर?”

इलाहीनं हात पुढं केला. नाथाजीनं नाइलाजानं हातावर रुमाल टाकला. एरवी जयराजशी झुंजताना इलाही ज्या भावापर्यंत गेला असता, त्या भावाची त्यानं बोटं दाबली. नाथाजीनं चमकून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

जयराजचं हसणं थांबलं.

“जरिनाभाभीसाठी थांबलो हुतो आमी,” तो म्हणाला. “आन् तू लाथाडलास?”

आजवर त्यानं इलाहीला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

“मान तुमी दिलासा, जयराजशेठ,” इलाही म्हणाला. “पदरचं ह्याचं गेलं.”

“असं व्हय? मग घे.”

जयराजनं इलाहीला खांद्यानं बाजूला सारलं आणि रुमालाखाली हात खुपसला. नाथाजी कळवळला, एवढ्या जोरानं त्यानं बोटं दाबली. मग नाथाजीनं नवा भाव पुकारला. ढीग जयराजला गेला.

ज्ञानूनं भाव ऐकला आणि खाली बसून सांडलेली हळकुंडं गोळा करू लागला. इलाही जवळून जाताना त्यानं मान वर केली.

“आदी का न्हाई दाबली बोटं?” तो म्हणाला. “मी बोंबललो म्हणून दाबलीसा.”

इलाहीनं उचललेला हळकुंडाचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

सचिव पायरीवर परत गेला होता. खरेदीदार पुढच्या ढिगाकडं वळले. जाता जाता जयराज इलाहीसमोर थांबला.

“उद्या माझ्या घरात कोण गेलं, तर माझ्या ढिगावर तू बोली करणार?”

जयराजची म्हातारी आई इलाहीला ठाऊक होती. जरिनाच्या मातीला ती काठी टेकत आली होती.

“करणार,” तो म्हणाला.

पुढच्या ढिगाशी नाथाजीनं हातावर रुमाल टाकला. इलाही पुढं झाला. पण त्याच्या आधी सगळ्यांचे हात पुढं आले होते.