चावलेत की गिळलेत?

वनखात्याच्या रोपवाटिकेतला फ्रीज बंद पडला, म्हणून एका दुर्मिळ जातीच्या, जगात उरलेल्या एकमेव झाडाच्या यंदाच्या पाचच बिया तिथल्या संशोधिकेने घरच्या फ्रीजमध्ये वाटीत भिजत ठेवल्या. सकाळी वाटी रिकामी! सासरे तोंड पुसत म्हणाले, “आजचे बदाम फारच कडक होते गं.” तिने त्यांचे खांदे धरले. “बाबा, नीट आठवा. चावलेत की गिळलेत?” “कवळी सापडेना, म्हणून गिळले.” “आता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही!” तिने पिठाची चाळणी त्यांच्या हातात दिली आणि संडासाच्या दाराशी खुर्ची टाकली. दोन दिवस गेले. “सूनबाई, दारात कोणी बसलं की होत नाही गं!” तिसऱ्या दिवशी पाचही मिळाल्या. अकरा वर्षांत एकही बी रुजली नव्हती. यांतल्या तीन रुजल्या. अहवालात तिने खरं तेच लिहिलं. साहेबांचा शेरा आला: “पुढच्या हंगामासाठी दहा सासरे पुरवण्याची निविदा काढावी.”